कोपऱ्यातला अंगठा

शेळीचा फोटो काढण्याआधी तिच्या गालाला काजळाची तीट लावणारी बाई तुम्ही पाहिली आहे का? मी रोज पाहतो. आमच्या आणि तिच्या अंगणात कमरेएवढी एकच भिंत आहे, त्यामुळे न पाहून चालतही नाही.

ही बाई म्हणजे आमच्या शेजारच्या कौसाबाई. आष्टीत त्यांना कोणी कौसाकाकू म्हणतं, कोणी कौसामाय. मी निवृत्त शिक्षक, त्यामुळे आपला आब राखून कौसाबाई म्हणतो. साठीला टेकलेल्या, काटक, बोलायला फटकळ. यजमान जाऊन पुष्कळ वर्षं झाली. कमरेला एक कापडी पिशवी खोचलेली असते. तिच्यात घराची किल्ली, सुपारीचं खांड आणि काजळाची पितळी डबी. काजळ घरचं, एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं. एकदा लागलं की चार दिवस साबणाला दाद देत नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत त्यांच्या मुलानं त्यांना मोबाइल आणून दिला. मुलाचं नाव परमेश्वर. आमच्या भागात परमेश्वर गल्लोगल्ली आहेत; हा गुजरातेत एका बंदरावर क्रेन चालवतो. त्याला घरचं सगळं दिसावं म्हणून कौसाबाई रोज सकाळी भाकऱ्या झाल्या की फोटो काढायला निघतात. ज्याचा फोटो निघणार त्याला आधी तीट.

पहिला मान शेळीचा. तिचं नाव सरपंचीण, कारण बोलावलं नाही तरी ती प्रत्येक ठिकाणी तोंड घालते. मग इंजिन नावाचा कुत्रा, झोपेत घरघरतो म्हणून. मग साहेब नावाचं मांजर, जे कोणाकडेच बघत नाही. या तिघांना ओळीनं बसवून कौसाबाई दम देतात, "हालू नको, परमा बघून राह्यला." परमा तिकडे शेकडो कोसांवर असतो, पण इंजिन खरोखर कान टवकारून बसतो. सरपंचीण मात्र इंजिनच्या कपाळावरची तीट चाटून टाकते, आणि सगळा कार्यक्रम पहिल्यापासून सुरू होतो.

जनावरांवर थांबल्या असत्या तर मी हे लिहिलंही नसतं. पण वेलावरच्या दुधी भोपळ्याला तीट, ओसरीवर रचलेल्या कापसाच्या ढिगाला पायथ्याशी तीट, नव्या पाण्याच्या टाकीला तीट. मी स्कूटर घेतली तेव्हा तिच्या दिव्याच्या काचेवर असा काही ठसा उमटवला की महिनाभर माझी स्कूटर एका डोळ्यानं अधू दिसत होती. मी कुरकुर केली, तर उत्तर तयार होतं.

"नजर काय दार वाजवून येती का, सर?"

या प्रश्नाला अजून कोणाला उत्तर सापडलेलं नाही.

आता थोडं माझ्याविषयी. शाळेत असताना स्नेहसंमेलनापासून निरोपसमारंभापर्यंतचे सगळे फोटो मीच काढायचो. त्यातलं मला कळतं, असं माझं मत आहे. आमच्या घरात ते एकट्या माझंच आहे, ही गोष्ट वेगळी. तर अशा माणसाच्या डोळ्यादेखत रोज एक अपराध घडत होता. कौसाबाईंच्या प्रत्येक फोटोत उजव्या कोपऱ्यात त्यांचा अंगठा यायचा. सरपंचीण आणि अंगठा. कापूस आणि अंगठा. तव्यावर टम्म फुगलेली भाकरी आणि तिच्यापेक्षा मोठा अंगठा. मुळाशी गोंदणाचे तीन हिरवे ठिपके, वर काजळ.

"कौसाबाई, अंगठा मध्ये येतोय," मी भिंतीवरून सांगायचो.

"येऊ द्या की. त्यो काय परका हाय?"

मी फोन कसा धरायचा ते दाखवलं. बोटं कुठं ठेवायची ते दाखवलं. एकदा तर पाटीवर आकृती काढली. त्या मान डोलवून "बराबर, बराबर" म्हणायच्या आणि दुसऱ्या दिवशी अंगठा हजर. नवल म्हणजे माझ्या नातीच्या वाढदिवसाला त्यांनी तिचा एक फोटो काढला, तो इतका स्वच्छ आला की तसा मलाही आला नसता. अंगठ्याचा मागमूस नाही. बोलाफुलाला गाठ पडली असेल म्हणून मी तो विषय सोडून दिला.

फोटो पाठवला की परमाचं उत्तर म्हणून एक छोटासा पिवळा अंगठा यायचा. कौसाबाईंना लिहिलेलं फारसं लागत नाही, म्हणून तो तेवढंच धाडायचा. त्या मला दाखवायला आणायच्या. "बघा, पोरगं नुसता अंगठाच दावतंय," असं म्हणायच्या खऱ्या, पण तो बघितल्याशिवाय भाकरीला हात लावायच्या नाहीत.

स्वतःचा फोटो मात्र काढू देत नसत. परमानं व्हिडिओ कॉल केला की फोन फिरवून धरायच्या. "ही बघ सरपंचीण. हा बघ इंजिन, कसा लोळून राह्यला." आपल्याकडे म्हणून कधी वळवायच्या नाहीत. आमच्या हिनं एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "माझं थोबाड काय बघायचं? आधार कार्डावर बी धड न्हाई. माझ्या नावानं तिथं दुसरीच कोन बाई बसून राह्यली."

एका सकाळी मी पेपर वाचत असताना भिंतीपलीकडून हाक आली.

"सर, जरा इकडं या. आज फोटो तुमी काढा."

या निमंत्रणाची मी दोन वर्षं वाट पाहत होतो. चष्मा पुसून गेलो. कौसाबाईंनी तिघांना तीट लावली. त्या दिवशी त्यांनी ती डाव्या हातानं लावली आणि उजवा हात पदराखाली ठेवला होता, हे मी पाहिलं. पण कलावंताला असल्या बारीकसारीक गोष्टींकडे लक्ष द्यायला सवड नसते. मी सरपंचिणीला कापसाच्या ढिगासमोर उभं केलं, कोवळं ऊन तिच्या कानातून आरपार येईल असं. साहेबानंसुद्धा त्या दिवशी चक्क समोर बघितलं. फोटो असा आला की भिंतीवर लावावा. कोपरे चारही मोकळे. मी तो कौसाबाईंच्याच फोनवरून परमाला पाठवला आणि कौतुकाची वाट पाहत बाजेवर बसलो.

पिवळा अंगठा आला नाही. माझ्याच फोनवर परमाचा कॉल आला.

"सर, नमस्कार. आई कुठं हाय?"

"ही काय, समोर उभी."

"मंग फोटो कोनी काढला?"

"मी काढला. कसा आलाय?"

"चांगला हाय सर. पन त्याच्यात अंगठा न्हाई."

"अरे, तीच तर गंमत आहे."

"न्हाई सर," तो म्हणाला. "अंगठा पाहिजे. फोनवर आई कायमच बरी असती. मागं ताप आल्ता तव्हा बी बरीच होती. अंगठा खोटं बोलत न्हाई. पीठ दिसलं की समजतो भाकऱ्या झाल्या, आता जेवंल. शेण दिसलं की समजतो गुडघे बरे हायेत, खाली बसता येऊन राह्यलं. काजळ तर रोजचंच. आज काहीच न्हाई. आई बरी हाय ना, सर?"

मी कौसाबाईंकडे पाहिलं. त्यांनी डावा हात तोंडावर ठेवला आणि मान जोरजोरात हलवली.

"बरी आहे," मी म्हणालो.

पस्तीस वर्षं मुलांचं खोटं पकडण्यात घालवली, पण स्वतः बोलायला कधी शिकलो नाही. "बरं सर," परमा म्हणाला. गृहपाठाची वही घरी राहिली म्हणणाऱ्याला मी "बरं, बस खाली" म्हणायचो, अगदी त्याच सुरात.

फोन ठेवला आणि मी कौसाबाईंना हात दाखवायला लावला. अंगठ्याला लुगड्याची चिंधी, तिच्यातून हळद आणि रक्त दोन्ही बाहेर आलेलं. आदल्या संध्याकाळी सरपंचिणीसाठी चारा कापताना विळा लागला होता. "काही न्हाई, खरचटलंय जरासं," त्या म्हणाल्या. आमच्या हिनं त्यांचं काही ऐकून घेतलं नाही. सरळ दवाखान्यात नेलं. तीन टाके पडले. टाके घालताना त्या हूं की चूं करीत नव्हत्या; फक्त डॉक्टरांना विचारत होत्या की पट्टी काळ्या रंगाची मिळंल का.

बाहेर बाकावर बसल्यावर मी रागावलो. म्हटलं, "हे अंगठ्याचं प्रकरण तुम्हाला ठाऊक होतं तर. मुद्दामच धरत होता."

"मंग काय," कौसाबाई म्हणाल्या. "मला काय फोन धरता येत न्हाई?"

पाटीवर काढलेली आकृती मला आठवली. आमची ही दुसरीकडे बघून हसत होती.

"अहो, मग सरळ तोंडच दाखवावं की त्याला. पोराचा जीव अंगठ्यावर कशाला टांगून ठेवायचा?"

कौसाबाईंनी पट्टीचा हात मांडीवर घेतला. मग म्हणाल्या, "तुमीच शिकवलं नं त्याला पहिलीत. इसरले काय? माझं तोंड दिसलं की दप्तर टाकून पळत यायचा. रडून रडून जीव अर्धा करायचा. मंग मी शाळेच्या भिताडामागं बसायची आन् नुसता हात वर ठेवायची. हात दिसला की गुमान बसायचा, सुट्टी व्हईपतूर. आता बी तेच हाय. माझं तोंड बघितलं की काम टाकून येईल त्यो. त्याला तिथं टिकायचं हाय, सर. हात दिसला की बास."

मला ते पोर आठवलं. खिडकीजवळ बसायचं आणि सारखं बाहेर बघायचं. फळ्याकडे लक्ष नाही म्हणून मी त्याचा कान धरला होता. एकदा तर उठून खिडकी लावून घेतली होती. त्या दिवशी ते का एवढं रडलं, हे मला तेव्हा कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही. आज सकाळी, फोटो चांगला यावा म्हणून, मी तीच खिडकी पुन्हा लावली होती. मला फार वाईट वाटलं, आणि ते मी त्यांना सांगितलं.

"जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "लिहायवाचायला तर शिकवलं नं तुमी त्याला."

दुसऱ्या दिवशी कौसाबाईंनी फोटो स्वतः काढला. फोटोत सरपंचीण, आणि कोपऱ्यात अंगठा. काजळ लावलेला, थोडं पीठही मुद्दाम चोळलेलं. डाव्या हाताचा.

"कळायचं न्हाई त्याला," त्या म्हणाल्या. "अंगठा तो अंगठा."

त्या दिवशी परमाचं उत्तर आलं नाही. कौसाबाईंनी दहा वेळा फोन उचलून पाहिला. रेंज नसेल, म्हणाल्या. भाकरी तशीच टोपल्यात राहिली. संध्याकाळी आमच्या हिनं ताट नेऊन दिलं तेव्हा कुठं चार घास खाल्ले.

तिसऱ्या दिवशी, ऊन अंगणात उतरत असताना, इंजिन भुंकायचं सोडून शेपूट हलवत दाराकडे धावला. परतूरला रेल्वेनं उतरून, तिथून जीप पकडून परमा आला होता. खांद्याला पिशवी, डोळे प्रवासानं लाल. कौसाबाईंनी पहिल्यांदा हात पदराखाली घेतला, मग तोंड उघडलं.

"कामून आलास? सरांनी सांगितलं का?"

"सर कशाला सांगतेत. डाव्या हातावर गोंदण न्हाई, आई," परमा म्हणाला. त्यानं पदर बाजूला सारला, पट्टीचा हात आपल्या हातात घेतला आणि तसाच ओट्यावर बसून राहिला. कौसाबाईंनी रागावून पाहिलं. तो काही सोडेना. मग त्याच म्हणाल्या, "बरं, बस. भाकरी टाकू दे आता." टाकली अर्थातच आमच्या हिनं.

जेवण झाल्यावर परमा फोन घेऊन उभा राहिला. "आई, आज तुझा फोटो."

"माझं थोबाड काय—"

"दाव की. मी आता लहान न्हाई. बघून बी परवा जाईन बराबर कामावर."

कौसाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "टिकेल तो. मी त्याचा मास्तर आहे, मला माहीत आहे." मला माहीत वगैरे काही नव्हतं, पण या वेळी खोटं बरं जमलं असावं. त्या कापसाच्या ढिगापाशी बसल्या. सरपंचीण न बोलावता जवळ येऊन उभी राहिली.

"थांब," परमा म्हणाला. त्यानं आईच्या कमरेच्या पिशवीतून डबी काढली, अंगठा काजळात बुडवला आणि तिच्या गालावर टेकवला.

"अरे, म्हातारीला कसली तीट?"

"नजर काय दार वाजवून येती का?"

कौसाबाईंनी पदर सारखा केला आणि फोनकडे सरळ पाहिलं.

"हालू नको," परमा म्हणाला.

फोटो निघाला. मी सवयीनं पुढे होऊन त्याच्या खांद्यावरून पाहिलं. मधोमध कौसाबाई, गालावर तीट, डोळे भरलेले आणि चेहरा हसरा. आणि उजव्या कोपऱ्यात एक भला थोरला, काजळानं माखलेला अंगठा. परमाचा.

मी तोंड उघडलं होतं. ते मिटून घेतलं.

"सर, बराबर आला का?" कौसाबाईंनी बसल्या जागेवरून विचारलं.

"बिलकुल बराबर," मी म्हणालो.

तेवढ्यात सरपंचिणीनं त्यांच्या गालावरची तीट चाटून टाकली, आणि परमानं पुन्हा डबी उघडली.