दामूभाई आणि विज्ञानाची कास

दामूभाई कुणालाही भेटले की आधी त्याचा तळहात चाचपतात. नमस्कार-चमत्कार नंतर. "खरखरीत आहे. गाय लाथ मारणार," असा निकाल लागला की मग बोलणं सुरू. माझ्या बहिणीच्या लग्नात भर मांडवात त्यांनी नवरदेवाचा हात दाबून "धार काढायला पास!" असं जाहीर केलं. नवरदेव बँकेतला. बिचारा अजून मला विचारतो, त्यांना म्हणायचं काय होतं?

वाणगावला आमच्या वाडीला लागूनच त्यांची चिकूची वाडी. कुसुमवहिनी वारल्या, मुलगा महेश वापीला नोकरीला. घरात दामूभाई आणि गोठ्यात चंद्री. या चंद्रीला सारखी दगडी व्हायची. म्हणजे कास सुजून दगडासारखी टणक होते आणि दुधात गाठी येतात. डॉक्टर येऊन सडात औषध सोडायचे, जरा बरं वाटायचं, की पुन्हा येरे माझ्या मागल्या.

एकदा कोसबाडला शेतकऱ्यांचा मेळावा होता. मला काही काम नाही असं ठरवून दामूभाईंनी मलाही ओढून नेलं. पाहुणे गरजले, "शेतकऱ्यांनी आता विज्ञानाची कास धरली पाहिजे!"

दामूभाई ताडकन उभे. "धरतो साहेब! पण सुजलेली असली तर?"

मंडप खो खो हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाहुणे मात्र भला माणूस. म्हणाले, परदेशात जनुक बदललेल्या गाई तयार केल्यात, त्यांच्या दुधातच दगडीचे जंतू मारणारं औषध असतं. आपल्याकडे अजून नाहीत.

झालं! तेव्हापासून रोज सकाळी कुंपणावरून हाक. "अरे सुनील, जनुक म्हणजे नक्की कसं?"

मला काय कळतंय कपाळ! तरी म्हटलं, "आईबापाकडून येतं ते. वाण असतं ना, तसं."

"मग चंद्रीचं बदलायचं कसं? गोळी की सुई?"

"चंद्रीचं नाही हो बदलत. गर्भातच बदलतात. जन्माला येते ती दुसरीच गाय."

"मग चंद्रीचं काय?"

"ती आहे तशीच."

"म्हणजे दुखणं हिचं आणि बरी होणार दुसरी?" ते माझ्याकडे बघत राहिले. मीही बघत राहिलो. दोघांची डोकी भणभणली.

पावसाळ्यानंतर चंद्रीचं एक सड कायमचं गेलं, त्यातून दूधच येईना. रविवारी महेश आला, तो तलासरीचं गिऱ्हाईक ठरवूनच. मीही गोठ्यापाशी होतो. "बाबा, विकून टाका. पुढे ती नवी गाय मिळायला लागली की घेऊ. तिला दगडी होणारच नाही."

"नाही होणार, कबूल," दामूभाई म्हणाले. "पण तुझी आई गेल्यावर वर्षभर मी हिच्याशी काय काय बोललो, ते त्या नवीला कोण सांगणार?"

महेश हळूच म्हणाला, "माझ्याशी का नाही बोललात?"

"तू फोनवर विचारतोस, बरे आहात ना? मग मी बरा आहे म्हणतो." त्यांनी चंद्रीच्या पाठीवर हात ठेवला. "ही काही विचारत नाही. म्हणून हिच्याजवळ रडता येतं रे."

मी घरी निघून आलो. महेशनं गिऱ्हाइकाला येऊ नका म्हणून कळवलं, आणि त्या संध्याकाळच्या गाडीनं तो वापीला गेला नाही.