सबनीसकाकांची धावपट्टी

सबनीसकाका रोज संध्याकाळी आमच्या गल्लीतले खडे वेचतात. आता हे चँडलर, अमेरिकेतल्या वाळवंटातलं गाव. पाणी वाचवायचं म्हणून इथे गवताऐवजी प्रत्येकाने घरापुढे हौसेने खडीच पसरलेली. काका रस्त्यावर घरंगळलेला खडा उचलतात, रंग बघतात आणि ज्याचा त्याच्या अंगणात परत टाकतात. आमचे तांबूस, शेजारच्या म्हाताऱ्या बाईंचे करडे. चुकायचं नाव नाही.

"इंजिन खडा गिळतं," काका म्हणतात. "एक खडा, की कारभार आटोपला."

"काका, इथे फक्त कुरियरची व्हॅन येते."

"आज व्हॅन येते. उद्याचं काय सांगावं?"

काकांनी जन्मभर धावपट्ट्या बांधल्या. शेवटचं काम एका युद्धात, शत्रूने वेढलेल्या शहराभोवतीच्या लष्करी धावपट्ट्यांवर. दिवसा तोफा खड्डे पाडायच्या, अंधारात काकांची टोळी ते बुजवायची. शहराला पीठ आणि औषधं मिळायची ती विमानानेच. तेव्हापासून काकांचा जगाला एकच प्रश्न: "सरफेस कसाय?" गणपतीत प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या पॉटलकला त्यांनी माझ्या बायकोच्या ढोकळ्यावर अंगठा दाबला आणि "बसणार हा," असं जाहीर केलं. ढोकळा बसला. बायको अजून त्यांच्याशी मोजकंच बोलते.

रस्त्यातल्या भेगाही ते स्वतःच डांबर आणून बुजवतात. सोसायटीचा माणूस दटावायला आला, तर काकांनी त्याच्याच हातात डांबर ठोकायचं धुमस दिलं. बिचारा घामाघूम होईपर्यंत ठोकत होता.

एवढा खटाटोप कशासाठी, ते काकांनी मला एकदाच सांगितलं, चहा पिताना. "शहर पडायला आलं, तेव्हा आम्हा बाहेरच्यांना विमानात बसवलं. वीज गेलेली. टोळीतला करीम आणि तिथली बाकीची माणसं धावपट्टीच्या दोन्ही कडांना कंदील धरून उभी राहिली, म्हणून आम्ही उडालो यार. ती तिथेच राहिली. पुढे फोन नाही, काही नाही. जगली का, तेही माहीत नाही." मग कप खाली ठेवून म्हणाले, "आली कधी, तर उतरायला जागा नको?"

यावर मला हसू आलं नाही.

जुलैत धुळीचं वादळ आलं. ऑफिसातून येताना त्याने मला गल्लीच्या तोंडाशीच गाठलं. काचेपुढे नुसती तपकिरी भिंत. थांबलो तर मागचा ठोकणार, या धास्तीत असताना दोन्ही कडांना पिवळे, मिणमिणते दिवे दिसले. एका ओळीत, छातीच्या उंचीवर. एवढ्या वाऱ्यात ते हलतही नव्हते. त्यांच्या मधून मी गाडी रेटली. एका दिव्यामागे डोक्याला फडकं गुंडाळलेलं कुणीतरी होतं. त्याने हाताने 'पुढे चल' अशी खूण केली. गाडी नेमकी माझ्या दारात थांबली.

वादळ ओसरल्यावर मी काकांकडे गेलो. "थँक यू काका! पण तुमच्या मदतीला कोण कोण होतं?"

"मी कुठे बाहेर आलो? दमा आहे मला. दारं लावून बसलो होतो."

मी मागे वळून पाहिलं. रस्त्यावर धुळीचा जाड थर बसला होता. त्यात माझ्या टायरच्या खुणा आणि मी आत्ता चालत आलो ती पावलं होती, बाकी एकही पाऊल नव्हतं. अडखळत मी काकांना सगळं सांगितलं. वाटलं, घाबरतील, नाहीतर मला वेड्यात काढतील.

काका पायरीवर बसले. त्यांनी अगदी हळू विचारलं, "हडकलेले होते का रे? जेवलेले वाटले?"

मला धड चेहरासुद्धा दिसला नव्हता.

"हो काका," मी म्हटलं, "चांगले धडधाकट होते."

काकांनी माझा हात धरला आणि ते लहान मुलासारखे रडले.