मास्तरांनी ठोकून पाहिलेलं घर

"भिंत बोलते," टेलरमास्तर म्हणाले आणि त्यांनी भिंतीला कान लावला.

बँकेचा कारकून दारात किल्ल्यांचा जुडगा बोटावर फिरवत उभा होता. लिलावात निघालेला फ्लॅट पाहायला बँकेने दोन दिवस ठेवले होते. लोक येत, डोकावत आणि जात. मास्तर मात्र सकाळपासून मुक्काम ठोकून होते. भिंती ठोकून झाल्या, फरशीवर गोटी सोडून उतार पाहून झाला, प्रत्येक दार उघडून-मिटून कर्र वाजतं का तेही पाहून झालं.

"लिलावातलं घर जसं आहे तसं घ्यायचं," कारकुनाने पुन्हा सांगितलं. "नंतर तक्रार चालत नाही."

"म्हणून तर! आम्ही ताकच काय, पाणीही फुंकून पितो."

खरं म्हणजे मास्तरांच्या पोटात आनंद मावत नव्हता. लग्नात त्यांनी बायकोला खिडकीचं घर कबूल केलं होतं, आणि ती बिचारी दुकानामागच्या बिनखिडकीच्या खोलीत लोकांच्या कपड्यांच्या ढिगात म्हातारी व्हायला आली होती. इथे बैठकीच्या खोलीलाच भिंतभर खिडकी होती!

राहता राहिलं छत. मास्तर थेट वरच्या मजल्यावर गेले. दार उघडलं ते त्यांच्याच एका गिऱ्हाईक काकूंनी.

"मास्तर, तुम्ही? आधी सांगा, माझ्या ब्लाउजच्या बाह्या एवढ्या आखूड का?"

"कापडच पुरलं नाही, काकू. आई शपथ!" मास्तर घाईने म्हणाले. "जरा तुमचं बाथरूम बघू? पाणी साठवून बघतो, खाली झिरपतं का."

काकू भल्या होत्या. मास्तरांनी खिशातलं कापडाचं एक कात्रण मोरीच्या जाळीखाली कोंबलं, दोन बादल्या ओतल्या आणि धापा टाकत खाली येऊन छताकडे टक लावून बसले. एक थेंब नाही! छत ठणठणीत कोरडं. मास्तरांना तिथेच उडी मारावीशी वाटली. त्या भरात वर जाऊन कात्रण काढायचं मात्र साफ राहून गेलं.

घराबाहेर पडताच जिन्यात दातांचे डॉक्टर भेटले. त्यांनाही हेच घर हवं होतं. मास्तरांनी मोठा सुस्कारा सोडला.

"काय सांगू, डॉक्टर! घर छान, पण वरून गळतं हो. अगदी धार लागते."

"अरेरे! बरं झालं सांगितलंत. तरी उद्या एकदा बघून जातो."

दुसऱ्या दिवशी मास्तर बायकोला घेऊन आले. तिने खिडकी उघडली, आणि वारा आत आला तशी ती लग्नातल्यासारखी हसली. "अहो, घ्याच हे!" ती म्हणाली, आणि तिच्या नाकावर टप्पकन थेंब पडला. मग दुसरा. मग पंख्याच्या हुकापासून सरळ धार.

"बघा! मास्तर बोलले तस्संच!" दारातून डॉक्टर ओरडले.

बायको गर्रकन वळली. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं? गळकं घर माझ्या गळ्यात मारताय? मला नको हे घर!"

बोलाफुलाला गाठ पडावी तीही अशी! गळत नाही म्हणावं तर डॉक्टर बोली लावणार, गळतं म्हणावं तर बायको निघाली. पण बायको खरंच जिन्याकडे निघाली, तेव्हा मास्तर तिच्यामागे धावले.

"थांब गं! नाही गळत! मी डॉक्टरांना थाप मारली. वरची मोरी मीच तुंबवलीय!"

सगळी वरात वर गेली. काकूंच्या अंघोळीचं पाणी उंबरा ओलांडून घरभर पसरलं होतं. मास्तरांनी गुडघ्यावर बसून कात्रण उपसलं. अंजिरी रंग, त्यावर पांढरी फुलं.

काकूंनी ते हातात घेतलं, उलगडलं आणि आपल्या अंगातल्या ब्लाउजला लावून पाहिलं.

"कापड पुरलं नाही, काय मास्तर?"

मास्तरांना धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. डॉक्टर मात्र खूश. "म्हणजे घर कोरडं आहे! मग मी बोली लावणारच."

काकूंनी एकदा मास्तरांच्या बायकोच्या पडलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"लावा की," त्या डॉक्टरांना गोड आवाजात म्हणाल्या. "फक्त मी रोज पहाटे बिगुल वाजवते. पूर्वी बँडपथकात होते ना. तुम्हाला चालेल ना?"

डॉक्टरांनी चपला घातल्या आणि थेट तळमजला गाठला.

लिलावात मास्तरांखेरीज कोणी फिरकलंच नाही. घर मिळालं! बाहेर येताच मास्तरांनी काकूंचं दार गाठून त्यांना वाकून नमस्कार केला. "काय थाप मारलीत, काकू! आमची थाप तुमच्यापुढे काहीच नाही."

"थाप?" काकू म्हणाल्या. "माझ्या बाह्या तेवढ्या लांब करून द्या."

नव्या घरात पहिल्या पहाटे बायको खिडकीशी बसून उजाडताना पाहत होती. आणि डोक्यावर, अगदी पंख्याच्या हुकापाशी, बिगुल कडाडला. मास्तर अंथरुणात ताडकन उठून बसले.

"अहो, हे नव्हतं का ठोकून पाहिलं?" बायकोने हसू दाबत विचारलं.

मास्तरांनी दिवा लावला, मशीन पुढे ओढलं आणि काकूंचं ब्लाउज काढलं.

"एवढ्या पहाटे बाह्या लांब करताय?"

"लांबही करतो," मास्तर सुईत दोरा ओवत म्हणाले, "आणि इतक्या घट्टही, की हात तोंडापर्यंत जाता कामा नये."