पक्षी क्रमांक एक आणि चोवीस सह्या

पाणपक्षी अभयारण्याची वार्षिक गणना आमच्या पक्षीमित्र मंडळाकडे आहे आणि मंडळाचा चिटणीस मी आहे. त्यामुळे गणना वेळेवर सुरू होते आणि वेळेआधी संपते. नियम साधा आहे. नमुना ‘ग’मध्ये ‘पक्षी क्रमांक एक’ याची नोंद झाली पाहिजे. सलग तीन वर्षं नोंद झाली नाही, तर तिथे राखण्यासारखं काही उरलेलं नाही असं समजून तळं बुजवायचं आणि त्या जागी गाड्या उभ्या करायची सोय करायची, असा वरून हुकूम आहे. मागची दोन वर्षं रकाना कोरा गेला होता. यंदाचं हे तिसरं.

सहलीला आम्ही पंचवीस जण होतो. पंचविसावी माझी मावशी. एक सभासद आयत्या वेळी आजारी पडला आणि बसमधली जागा रिकामी जाऊ नये म्हणून मी तिला घेतलं, ही माझी चूक. मावशीने छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासली. तिच्या नजरेतून सुटलेली चूक अजून कोणाला सापडलेली नाही. नातेवाईकही सुटत नाहीत.

साडेदहाला बस तळ्याच्या बांधावर पोचली. आल्याची वर्दी म्हणून ड्रायव्हरने तीनदा हॉर्न वाजवला. अध्यक्षांनी कर्ण्यावरून शांततेचं महत्त्व समजावून सांगितलं. मग शांतता पाळण्याची शपथ झाली, ती सगळ्यांनी खड्या आवाजात म्हटली. त्यानंतर नाश्ता झाला. नाश्त्याला उकडलेली अंडी होती. एवढं होईपर्यंत तळ्यावर उडता येणारं जे काही होतं ते उडून गेलं. मागे एक कोंबडी राहिली, ती राखणदाराची.

राखणदार झोपडीच्या दारातून सगळं बघत होता. अकरा वर्षं तो त्या तळ्यावर राहतोय.

“साहेब, तो पक्षी पहाटे येतो,” तो म्हणाला. “त्या पलीकडच्या लव्हाळ्यात. मी रोज बघतो. तुम्ही उजाडायच्या आत या, गप बसा. दिसेल की.”

“तुमची साक्ष चालत नाही,” अध्यक्ष म्हणाले. “तळं राहिलं तर तुमची नोकरी राहणार. तुम्ही हितसंबंधी आहात.”

“म्हणजे ज्यांचं काही अडत नाही, त्यांनाच दिसला पाहिजे?”

“अर्थात. त्यालाच तटस्थ निरीक्षण म्हणतात.”

अकरा वाजून वीस मिनिटांनी अध्यक्षांना पक्षी दिसला. बस साडेअकराला सुटायची होती, त्यामुळे याहून उशिरा तो दिसणं सोयीचं नव्हतं. “तो बघा!” म्हणून त्यांनी हात केला आणि दोन मिनिटांत तो सगळ्यांना दिसू लागला. मलाही दिसला. खरं म्हणजे मला लव्हाळं हललेलं दिसलं, पण ते उगाच कशाला हलेल?

नमुना ‘ग’ हातोहात फिरू लागला. हजर असलेल्या प्रत्येकाची सही हवी, एक कमी पडली तरी नोंद रद्द. कागद मावशीकडे आला. तिने चष्मा पुसला, कागद वरपासून खालपर्यंत वाचला, दोन वेलांट्या दुरुस्त केल्या आणि माझ्या हातात परत दिला.

“मला नाही दिसला.”

“अगं, सगळ्यांना दिसलाय.”

“मग सगळे करतायत की सही. माझ्यावाचून काय अडलंय?”

आमच्यातले एक सभासद चष्म्याचं दुकान चालवतात, ते चष्मेवाले पुढे आले आणि त्यांनी मावशीला तळ्यापलीकडची पाटी वाचायला लावली. तिने पाटी वाचली आणि पाटीखालचं रंगाऱ्याचं नावही वाचलं. तिथे पाटी आहे हे चष्मेवाल्यांना तिच्याकडूनच कळलं.

“मावशी, ऐक ना,” मी आवाज खाली आणला. “तळं जाईल. त्या माणसाचं घर जाईल. एका सहीचा तर प्रश्न आहे.”

मावशीने राखणदाराकडे पाहिलं. ती विरघळली, हे मला स्पष्ट दिसलं.

“बरं, चिटणीस. तो दिसतो कसा, तेवढं सांगा. तसलं काही पाहिल्याचं आठवलं तर करते सही.”

अध्यक्ष म्हणाले, शेपटी लांब असते. चष्मेवाले म्हणाले, शेपटी नसते, हीच तर त्याची खूण. कोणी निळा म्हणालं, कोणी मातकट. एक बाई म्हणाल्या, फार गोड होता हो. शेवटी नमुना ‘ग’ उघडला, तर त्यात ‘पक्षी क्रमांक एक’ याखेरीज काही नव्हतं. राखणदार सांगायला पुढे सरसावला, तेव्हा अध्यक्षांनी त्याला हितसंबंधांची आठवण करून दिली.

“मग मी राहतेच इथे,” मावशी म्हणाली. “उद्या पहाटे बघते आणि सही करून पाठवते. झालं?”

इतका सरळ मार्ग ऐकून सगळे गडबडले. पण गणनेची तारीख आजची होती आणि उद्याचा पक्षी आजच्या रकान्यात बसत नाही.

ड्रायव्हरने हॉर्न दिला. अडचणीत डोकं चालतं म्हणून तर अध्यक्ष अध्यक्ष आहेत. नियम हजर असलेल्यांच्या सहीचा आहे, ते म्हणाले, तेव्हा मावशी सहलीला आल्याच नाहीत असं धरावं. हजर चोवीस, सह्या चोवीस. ठराव एकमताने मंजूर झाला. मावशीने विरोधात हात वर केला होता, पण ती हजर नसल्यामुळे तो मोजता आला नाही.

आता जी आलीच नाही तिला परत कसं न्यायचं? चोवीस गेले आणि पंचवीस आले असं दिसलं असतं, तर चौकशी लागली असती. बसमधली डोकी मीच मोजली, चोवीस भरली. मावशी बांधावर पिशवी घेऊन उभी होती. मला लाज वाटली, खोटं कशाला बोलू? मी खिडकीतून हातही हलवणार होतो, पण हजर नसलेल्या माणसाला हात हलवणं नोंदीला सोडून झालं असतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिचा फोन आला. ती कुजबुजत होती.

“दिसला रे. समोरच आहे. राखणदार म्हणाला तस्साच.” मग ती रडू लागली. इतक्या वर्षांत मी तिला रडताना ऐकलं नव्हतं.

तिने दोन पानी वर्णन लिहून पाठवलं, चित्रासकट. मंडळाने ते रीतसर तपासून फेटाळलं. चोवीस जणांनी पाहिलेल्या पक्ष्याशी ते जुळत नव्हतं.

तळं मात्र वाचलं. एवढ्या एकमताने दिसणारा पक्षी जनतेलाही दिसावा, म्हणून वरच्या कार्यालयाने लव्हाळं कापून तिथे निरीक्षण मनोरा उभारला. झोपडी दृश्याच्या आड येत होती, ती पाडली. राखणदार आता फाटकाबाहेर गाड्या लावून घेतो. पहाटे तिथे काही येत नाही, असं तो म्हणतो, पण त्याची साक्ष चालत नाही. मावशी माझ्याशी बोलत नाही. आम्हाला पक्षी दरवर्षी अकरा वीसला दिसतो.

नवे सभासद घेणं चालू आहे. तुम्ही चालाल. तो पक्षी दिसतो कसा, हे मी अजून कुठेही लिहिलेलं नाही. मावशीची दोन पानं माझ्या टेबलाच्या खणात आहेत आणि तुम्ही ती मागितली नाहीत. तळं वाचलं म्हणताच तुम्हालाही बरं वाटलं. सही इथे करा.