सांडूअण्णांचा मासा निसटत नाही

सांडूअण्णांच्या शेतातल्या मोटारीइतकी दुर्दैवी वस्तू आमच्या पडेगावात दुसरी नसेल. ती दर रविवारी जळायची. सोमवार ते शनिवार बिचारी फुलंब्रीला त्यांच्या शेतातल्या विहिरीवर निमूट पाणी उपसायची, पण रविवार उजाडला की तिला काहीतरी व्हायचं आणि अण्णांना छत्री घेऊन धावावं लागायचं. भर उन्हाळ्यातही छत्री. कारण त्या छत्रीच्या खोळीत छत्री नसायची, घडीचा गळ असायचा.

अण्णा आमचे शेजारी. एसटीत बस चालवून निवृत्त झालेले. घरी गयाकाकू आणि काकूंच्या गळ्यात तुळशीची माळ. त्या घरात अंड्याचं नाव काढायचं तरी लोक अंगणात येऊन काढतात. तेव्हा अण्णांनी मोटारीवर बिल फाडलं यात नवल नाही. काकू फोन करायच्या तेव्हा अण्णा तलावाच्या काठी बसून दबक्या आवाजात सांगायचे, "मंग बोलतो, मोटारीत हात हाय माझा."

तलाव फुलंब्रीकडं नव्हताच. तो बरोबर उलट्या दिशेला, दौलताबादच्या रस्त्याला आत वळल्यावर. साधा पाझर तलाव, काठाला बेशरमाची झुडपं, पलीकडं म्हशी. मला तिथं शिष्य म्हणून प्रवेश होता, पण आधी चपला लांब काढून ठेवाव्या लागत. अण्णांच्या मते मासा माणसाला नंतर बघतो, आधी त्याची चप्पल ऐकतो. खोकला आला तर बांधाच्या पलीकडं जाऊन खोकायचं. विडी ओढणाऱ्यानं आमिषाला हात लावायचा नाही.

आमिष म्हणजे कणकेचे गोळे. त्यात हिंग आणि शेंगदाण्याची पेंड. रोहूला ते फार आवडतं असं अण्णा म्हणत आणि रोहूही तसंच म्हणत असावा. ही कणीक काकूंच्या परातीतून चोरलेली असायची. काकू पाठमोऱ्या झाल्या की अण्णा गोळा तोडून स्टीलच्या डबीत टाकत. आपल्या हाताची सफाई ते मला मोठ्या अभिमानानं वर्णन करून सांगत.

मरळ धरायची तऱ्हा वेगळी. मरळ हा मासा बेशरमाच्या सावलीत दबा धरून बसतो आणि मधूनमधून श्वास घ्यायला वर येतो. मी एकदा गळ थेट त्याच्या डोक्यावर टाकला, तर अण्णांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "डोक्यावर नाय टाकायचा. पलीकडं टाका आन् हळूहळू त्याच्या म्होरून न्या. त्याला वाटलं पायजे का शोध त्यानंच लावला."

आणि सगळ्यात मोठा नियम डबल बेलचा. गळाच्या दोरीला मोरपिसाची काडी बांधलेली असते, ती पाण्यावर तरंगते. काडी एकदा बुडाली की मी ओढायचो आणि रिकामा गळ माझ्या टोपीत अडकायचा. अण्णा सांगत, पहिल्यांदा बुडते तेव्हा मासा नुसती चव घेतो. दुसऱ्यांदा बुडाली की मग झटका. डबल बेल झाल्याबिगर गाडी हलवायची नाय. जन्मभर त्यांनी तसंच केलं होतं.

म्हणूनच त्यांची ती प्रसिद्ध फुशारकी होती. नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर बाकीचे गळवाले निसटलेल्या माशांच्या कहाण्या सांगत. निसटलेला मासा दर चहाला वाढत जातो, हे आपल्याला माहीत आहेच. अण्णा सगळं ऐकून घेत, बशी खाली ठेवत आणि म्हणत, "सांडूच्या गळाला लागलेला मासा निसटत नसतो." बाकीचे विषय बदलायचे. कारण ते खरं होतं. त्या एका वाक्यावर अण्णा आठवडाभर ताठ मानेनं फिरत.

धरलेले मासे यायचे माझ्या घरी. म्हणजे या कटात माझा स्वार्थ होता, उगाच साधूपणाचा आव आणत नाही. माझी बायको सुनंदा तुकडे तळायला घेई तेव्हा अण्णा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून डोळे मिटून वास घेत आणि विचारत, "कसा झालाय?" स्वतः मात्र एक तुकडाही तोंडात टाकत नसत. लग्नात काकूंना शब्द दिला होता. खायचा नाही एवढाच दिला होता, धरायचा नाही असा नव्हता, हेही ते बजावून सांगत. मग बेसन आणि लिंबानं हात चोळून धुवायचे आणि मोटार दुरुस्त करून घरी जायचे.

एका रविवारी मात्र घोटाळा झाला. आम्ही सगळे सिल्लोडला लग्नाला गेलो होतो आणि नेमका त्याच दिवशी अण्णांना हातभर लांबीचा मरळ लागला. असा मासा आयुष्यात एकदाच लागतो. मला दाखवल्याशिवाय तो त्यांना सोडवेना. मरळ पाण्याबाहेरही बराच वेळ जगतो, म्हणून त्यांनी तो ओल्या पोत्यात गुंडाळून आणला. आमच्या दाराला कुलूप. शेवटी अण्णांनी तो स्वतःच्या न्हाणीत, काकूंच्या बादलीत सोडला आणि वर पाट ठेवला. मरळानं पाट उडवला. त्यात ती एकादशी होती.

संध्याकाळी आम्ही परतलो तर अण्णा पायरीवर डोकं धरून बसलेले. मला पाहून म्हणाले, "संपलं सगळं. आता गळ मोडून चुलीत घालावा लागतो." काकूंनी मलाही आत बोलावलं. त्या न्हाणीत बादलीपुढं बसून मरळाला कणकेचा गोळा चारत होत्या आणि मरळ तोंड फिरवत होता.

"खात नाय बापा," त्या मला म्हणाल्या. "एकादशी धरली जणू. हिंग बी घातलाय, पेंड बी घातली."

अण्णांचा चेहरा पडला. हिंग आणि पेंड कशी कळली, असं त्यांनी चाचरत विचारलं.

"कळायला काय? ती डबी कोण घासतं? आन् दर रविवारी दोन माणसांना इतकी कणीक मळते, ती काय मुंग्यांसाठी?"

चोरीचा माल मालकिणीनंच मांडून ठेवलेला असतो, हे कळल्यावर चोराची जी अवस्था होईल ती अण्णांची झाली. काकूंनी फर्मान काढलं की मासा आत्ताच्या आत्ता त्याच्या घरी पोचवायचा आणि त्या सोबत येणार. आम्ही रिक्षा केली. मधे अण्णा, त्यांच्या मांडीवर बादली. रिक्षा दौलताबादच्या रस्त्याला लागली तशी काकूंनी विचारलं, फुलंब्रीची मोटार इकडं कधीपासून आली? अण्णांनी बादलीत बघितलं.

मरळ पाण्यात गेला. काकू बांधावर बसल्या. ऊन उतरलं होतं, वारा होता, बांधामागं किल्ला दिसत होता. त्या उठायचं नाव घेईनात. मग हळूच म्हणाल्या, "इतकी वर्षं इथं एकटेच बसत होता व्हय? मी बी तिकडं एकटीच बसत होते."

पोरगी लग्न होऊन पुण्याला गेल्यापासून काकूंचा रविवार त्या रिकाम्या घरात कसा जात असेल, हे अण्णांच्या मनात कधी आलं नव्हतं. माझ्याही नाही. मला तर फक्त तळलेले तुकडे दिसत होते.

तेव्हापासून काकूही तलावावर येतात. मात्र त्यांनी अट घातली आहे. आपल्यापायी शौक सोडायचा नाही, सोडलेला दिसला की दुसऱ्या दिवसापासून आपण घरी. त्यांना मासा धरलेला बघवत नाही, म्हणून त्या पाण्याकडं पाठ करून, किल्ल्याकडं तोंड करून शेंगा सोलत बसतात आणि अण्णांशी बोलत राहतात. त्या तळ्यावर आता चपला, खोकला, सगळं चालतं.

पण आमच्या घरी मासा यायचा बंद झाला. टपरीवर बातमी पसरली की सांडूचा हात गेला, सगळे मासे निसटायला लागले. गळवाल्यांनी वर्षानुवर्षांचा सूड उगवून घेतला. अण्णा मान खाली घालून चहा पितात.

परवा न राहवून मी त्यांच्यामागं गेलो. काडी बुडाली, पुन्हा बुडाली, अण्णांनी झटका दिला. चांगला दोन तवे भरतील एवढा रोहू होता. अण्णांनी तो ओल्या हातात धरला, जबड्यातला काटा अलगद काढला आणि पाणी वाजणार नाही अशा बेतानं त्याला खाली सोडलं. मग मोठ्यानं म्हणाले, "निसटला गं."

"निसटू द्या," काकू पाठमोऱ्याच म्हणाल्या. "वय झालं आता तुमचं. पयल्यासारखी पकड कुठं ऱ्हायली?"

अण्णांनी माझ्याकडं बघून ओठांवर बोट ठेवलं. डबीतला गोळा गळाला लावता लावता ते म्हणाले, "व्हय गं, ते बी खरंच."