वाव्हळे सरांची समुद्रगाय

आमच्या सेलूच्या शाळेत आठवी ‘ब’च्या पटावर सत्तेचाळीस मुलं होती आणि हजेरी बावन्न जणांची व्हायची. विज्ञानाचे वाव्हळे सर सत्तेचाळिसाव्या नावाला थांबायचेच नाहीत. चष्मा नाकावर ओढून पुढं पुकारायचे, “समुद्रगाय!” मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडायचं, “हजर सर!” मग हिरवं कासव, समुद्रघोडा, समुद्रकाकडी आणि शेवटी बॅलॅनोग्लॉसस. हा वाळूत राहणारा एक किडा. त्याच्या वतीनं कोण ‘हजर’ म्हणणार यावरून वर्गात भांडणं लागायची, कारण सरांनी सांगून ठेवलं होतं, “आपल्याला पाठीचा कणा फुटला, त्याच्या आदीचा हा आपला चुलता हाय. मान ठेवा त्याचा.”

एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी वर्गातली डोकी मोजली आणि विचारलं, “हे जादा पाच कोण?”

“ते पाण्यात असतात साहेब,” सर शांतपणे म्हणाले. “मन्नारच्या आखातात, रामेश्वरजवळ. सरकारनं तिथं राष्ट्रीय उद्यान केलंय आता. मामला लय नाजूक हाय.”

साहेबांनी मुख्याध्यापकांकडं पाहिलं. मुख्याध्यापक खिडकीबाहेर बघत होते.

मामला लय नाजूक हाय, हे सरांचं पालुपद. स्टाफरूमच्या स्टोव्हची पिन, मुख्याध्यापकांचा राग आणि समुद्रतळाचं गवत, तिन्ही मामले त्यांच्या लेखी सारखेच नाजूक. खरं म्हणजे या माणसानं जन्मात समुद्र पाहिलेला नव्हता. देवगाव फाट्याजवळच्या खेड्यात जन्म, सेलूत नोकरी, आणि पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे येलदरीचं धरण. कुठल्याशा प्रशिक्षण शिबिरात त्यांना त्या आखातातल्या प्राण्यांची एक सचित्र पुस्तिका मिळाली, आणि तिथून गडी कामातून गेला. दरवर्षी ते वर्गाला येलदरीला न्यायचे, पाण्याकाठी उभं करायचे आणि म्हणायचे, “समजा, हे आखात.” मुलं मुकाट्यानं समजायची.

ती नामांतराची वर्षं. विद्यापीठाच्या नावावरून आमच्या स्टाफरूममध्येही चहा दोन टेबलांवर घेतला जायचा. मी मराठीचा मास्तर, खिडकीकडच्या टेबलावर बसायचो. वाव्हळे सर बौद्ध, तेव्हा त्यांचं टेबल दाराकडचं. पण हे गृहस्थ अर्धा कप तिकडं पिऊन उरलेला अर्धा घेऊन आमच्यात यायचे आणि दोन्ही टेबलांना तीच समुद्रगाय ऐकवायचे. नामांतरावर त्यांचं मत ठाम होतं. ते विचारलं तर एका वाक्यात सांगायचे, आणि दुसऱ्या वाक्यात पुन्हा गाय.

एका दिवाळीच्या सुट्टीत मी माझ्या मायला घेऊन रामेश्वरच्या यात्रेला निघालो. यात्रेच्या यादीत वाव्हळे सरांचं नाव पाहून मी चाटच पडलो.

“सर, तुमी आन् रामेश्वर?”

“देव तुमी बघा. मी गाय बघतो.”

ही बातमी बाजारात पसरली. निघायच्या दिवशी एक शेतकरी सरकी पेंडेचं गाठोडं घेऊन स्टेशनात हजर. गाय दुर्मिळ झाली म्हणजे तिला पोटाला मिळत नसणार, असा त्याचा सरळ हिशेब. सरांनी समजावलं, “मामा, ती समुद्रातलं गवत खाती.” मामा म्हणाले, “गवत खाती तर पेंड का न्हाई खाणार? चार दिवस घालून तर बघा.” सरांना नाही म्हणवेना. सगळ्या प्रवासात आमच्या डब्याला कापसाच्या जिनिंगचा वास येत होता.

रामेश्वरला यात्रेकरू एकामागून एक तीर्थांवर न्हात होते. सर पुस्तिका उघडी धरून किनाऱ्यावर फिरत होते. त्यांना तमिळचा गंध नव्हता. दिसेल त्या कोळ्याला चित्र दाखवायचे, आणि कोळी मान हलवून जाळं विणत राहायचे. दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या सकाळी ते धर्मशाळेत पळत आले, पायात एकच चप्पल. “सर, चला! एक जण हात धरून न्यायलाय. घावली!”

माझ्यामागून मायही निघाली. एवढी गाजलेली गाय आहे तरी कशी, हे तिलाही पाहायचं होतं.

ती वाळूत पडली होती. राखाडी, बैलाएवढी, बारीक डोळ्यांची. जाळ्यात अडकून गुदमरली होती. तिला माशासारखा पाण्यात श्वास घेता येत नाही, दर थोड्या वेळानं वर यावंच लागतं, हे आठवी ‘ब’ला पाठ होतं. तो कोळी जाळ्याकडं बोट करून सरांना पुन्हा पुन्हा हात जोडत होता. त्यानंही मुद्दाम केलेलं नव्हतं.

सर गुडघ्यांवर बसले. रुमालानं तिच्या ओठांवरची वाळू पुसली. मग वल्ह्यासारखा तिचा हात उचलून त्यांनी काखेत पाहिलं. समुद्रगाईचे सड तिथं असतात.

“दूध हाय हिला,” ते म्हणाले.

मला काही समजायच्या आत माय पुटपुटली, “अगं बाई, वासरू मागं राह्यलं की.”

सर उठले आणि कपड्यांनिशी समुद्रात शिरले. कमरेएवढ्या पाण्यात दुपारपर्यंत उभे राहिले, डोळ्यांवर हात धरून. पाण्यावर काही वर आलं नाही. शेवटी मी आणि त्या कोळ्यानं त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं.

धर्मशाळेत ते भिंतीला टेकून बसले. जेवण नको म्हणाले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, “लेकरांनी विचारलं तर दिसली न्हाई म्हणून सांगायचं. तुमी बी सर.” मी हो म्हणालो, आणि आजवर तो शब्द पाळला.

माय कोपऱ्यात बसून हे ऐकत होती. तिनं आपली दशम्यांची पुरचुंडी सोडली. सेलूपासून ही पुरचुंडी तिनं सरांपासून हातभर लांब ठेवली होती. ते मला दिसत होतं, सरांनाही दिसत होतं, आणि मी एका शब्दानं तिला काही बोललो नव्हतो, याची मला आजही लाज वाटते. ती उठली, सरांसमोर मांडी घालून बसली आणि दशमीचा तुकडा मोडून त्यांच्या हातावर ठेवला.

“खा गुरुजी. दुखाच्या घरी चूल पेटत न्हाई. शेजाऱ्यानं खाऊ घालायचं असतं.”

सरांनी घास तोंडाशी नेला आणि तसाच खाली आणला. “माय, पिल्लू अजून पाण्यात हाय हो,” एवढं म्हणून तो एवढा मोठा माणूस हमसून हमसून रडायला लागला.

मायनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. “रडा बाबा,” ती म्हणाली. “तुमच्याबिगर तिला रडणारं कोण हाय?”