अर्धा टक्का

माझ्या लग्नात निकाळजे भाऊसाहेबांनी साडेचार रुपये आहेर केला. पाकिटावर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, ‘पाऊण टक्का.’ बायकोला वाटलं, कुणीतरी थट्टा केली. मी म्हटलं, थट्टा कसली, हा माणूसच तसा आहे.

पौडच्या तहसील कचेरीत आमची टेबलं शेजारी होती. तेव्हा त्यांचा पगार होता बरोबर सहाशे. सख्ख्या नातलगाला दोन टक्के, मित्राला एक आणि कचेरीतल्या माणसाला पाऊण, असा त्यांचा आहेराचा दर. मला मित्रात का धरलं नाही म्हणून मी चिडून विचारलं, तर शांतपणे म्हणाले, “अजून दोनच वर्षं झालीत. बघू.”

एकदा पुण्यात शर्टाचं कापड घ्यायला मला सोबत नेलं. पन्नासचं कापड, वीस टक्के सूट आणि वर आणखी दहा. दुकानदार म्हणाला, म्हणजे तीस टक्के, पस्तीस द्या. झालं! भाऊसाहेब हटूनच बसले. वीस गेल्यावर राहिले चाळीस, दहा टक्के त्या चाळिसावर, तेव्हा सूट अठ्ठावीसच होते आणि पैसे छत्तीस. तो बिचारा कमी घ्यायला तयार, हे जास्त द्यायला तयार. मागं गिऱ्हाइकं खोळंबली होती. शेवटी एक रुपया जास्त मोजून हा गृहस्थ लढाई जिंकल्यासारखा बाहेर आला. मी एसटीत पौडपर्यंत बोललो नाही.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. भाड्याच्या खोलीत एकटेच राहायचे, हातानं रांधायचे. फळीवर सात डबे, प्रत्येकावर टक्के लिहिलेले. खाणं पंचेचाळीस, पोस्टातली बचत पंचवीस, भाडं दहा, कपडे आठ, एसटी पाच, औषध चार, आहेर अडीच. एकदा चहा होईस्तोवर मी सहज बेरीज केली, तर साडेनव्व्याण्णव! तीनदा केली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. दुकानदाराला रुपयासाठी रडवणाऱ्याची स्वतःचीच बेरीज चुकलेली! मी डबे दाखवले. त्यांनी नुसतं “बरोबर आहे” म्हटलं आणि माझ्या कपात साखर घातली.

हा अर्धा टक्का जातो कुठं, यावर कचेरीत चर्चा सुरू झाली. शिपाई म्हणाला, मटका. दुसरा म्हणाला, बाई. मला तर चैनच पडेना.

आणि एका संध्याकाळी एसटी स्टँडपाशी भाऊसाहेब सापडले. जवळच्या भरे गावची एक म्हातारी तिथं पोत्यावर भाजी घेऊन बसे. ते रोजच्यासारखी रुपयाची अर्धा किलो वांगी घेत होते. तागडीत मापाच्या जागी दगड होता. म्हातारी सुटे पैसे शोधत होती तेवढ्यात मी तो उचलला आणि पलीकडच्या किराणा दुकानात तोलून आणला. साडेचारशे ग्रॅम! माझं डोकंच फिरलं. वजनमापवाले साहेब त्याच आठवड्यात कचेरीत आले होते. उद्याच त्यांना इथं आणतो, हिचं दुकान बंद करतो, असं मी भाऊसाहेबांना सांगितलं.

त्यांनी माझा दंड धरला आणि मला बाजूला ओढलं.

“मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे,” ते म्हणाले. “घरी तोललं होतं. रुपयाला भाजी नव्वद पैशांचीच येते. उरलेले दहा पैसे खाण्याच्या डब्यात कसे धरणार? महिन्याचे तीन रुपये. तुमचा तो अर्धा टक्का.”

“मग गप्प का बसता?”

मागून म्हातारीनं हाक मारली, “लेकरा, दुपारचं जेवलास का रं? त्वांड सुकलंय तुजं.”

“जेवलो, मावशी,” भाऊसाहेब म्हणाले. असा मऊ आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मग माझ्याकडं न बघताच हळू बोलले, “रोज विचारते. दहा पैशांत कोण विचारतं हो?”

मला स्वतःची लाज वाटली. मी दगड नेऊन तिच्या तागडीशी ठेवला आणि त्याच दगडानं अर्धा किलो वांगी घेतली. मला तिनं काहीच विचारलं नाही. मला विचारणारी घरी होती.